जळका दाणा हाती आला: आता त्याचा अर्थ कोणत्या क्रमाने लावायचा?

महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींवरचे प्रबंध चाळले की एक वाक्य हमखास भेटतं: ‘येथील लोक गहू, जव, मसूर आणि हुलगा खात असत.’ मागे परिशिष्टात दाण्यांची यादी असते. यादी बहुतेक वेळा बरोबर असते, पण ते वाक्य यादीतून निघतच नाही. खाल्लेला दाणा पोटात गेला. मातीत उरला तो सांडलेला, करपलेला, शेणातून चुलीत गेलेला किंवा घराबरोबर जळालेला. म्हणून ‘ही माणसं काय खात होती’ या प्रश्नाआधी ‘हा दाणा जळला कसा आणि या थरात आला कुठून’ हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शक देत नाही, खणताना केलेल्या नोंदी देतात. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निम्म्या चुका होऊन गेलेल्या असतात.

पुढचं सगळं दख्खनच्या कोरड्या पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर), म्हणजे इनामगाव, दायमाबाद, नेवासे यांसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि मदतनिसांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. इथे उन्हाळ्यात माती तापते, पावसाळ्यात भिजते आणि न जळलेलं बी काही वर्षांत कुजून जातं. टिकतो तो कोळसा झालेला दाणा. पाणथळ जागा किंवा वाळवंट यांचे नियम वेगळे.

टप्पा १: खणण्याआधीचा आराखडा

काळी राख दिसली की नमुना घ्यायचा, ही सवय आधी मोडा. अशाने हाती फक्त चुली येतात आणि मग सगळं गाव चुलीभोवती जगत होतं असं वाटू लागतं. प्रत्येक थरातून आणि प्रत्येक रचनेतून माती घ्या: चूल, घराची जमीन, अंगण, पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा), कचऱ्याचा खड्डा, भिंतीचं पडझड झालेलं साहित्य. जिथे काहीच दिसत नाही तिथलीही घ्या. ‘इथे दाणे नाहीत’ हे म्हणायलाही नमुना लागतो.

एका थरातून साधारण २० लिटर माती हे चांगलं प्रमाण आहे. चूल किंवा लहान खड्डा असेल तर सगळीच माती उचला. लिटर मोजायला बादलीवर आतून रेघा मारून ठेवा आणि माती भिजवण्याआधी मोजा. ‘दोन पोती’ अशी नोंद पुढे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

नमुन्याच्या तक्त्यात निदान एवढं हवं:

- ट्रेंच, थर आणि रचनेचा क्रमांक
- रचना नेमकी कोणती, आणि ती तशी का वाटते
- मातीचं माप, रंग, पोत
- मुळं, उंदीर-घुशींची बिळं, वारुळं, भेगा
- थर वरून झाकलेला आहे की उघडा

दुसरा आणि तिसरा मुद्दा सगळे भरतात. चौथा रिकामा राहतो आणि नेमका तोच पुढे नडतो.

दफनकुंभांतली माती वेगळी ठेवा. इनामगावात लहान मुलांची दफनं घराच्या जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून केलेली मिळाली. अशा कुंभात आज असलेली माती बऱ्याचदा नंतर झिरपून आलेली असते. तिच्यात सापडलेला मसुराचा दाणा म्हणजे मृताला दिलेली शिदोरी, असं लगेच लिहू नका.

> सावधान: पांढरीच्या टेकाडावर स्वतःच्या मनाने खड्डा घेऊ नका. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली उत्खननाला परवाना लागतो. शेतकऱ्याने खतासाठी माती काढताना उघड्या पडलेल्या कडेतून दाणे वेचले, तर त्यांचा थर कोणता हे पुन्हा कधीच कळत नाही.

> तपासा: चिठ्ठी पिशवीच्या आतही आहे का आणि बाहेरही? कागदाची चिठ्ठी ओल्या मातीत विरघळते. प्लास्टिकची पट्टी आणि पुसली न जाणारी शाई वापरा.

टप्पा २: पाण्यात तरंगवणं

कोळसा झालेला दाणा हलका असतो, म्हणून माती पाण्यात ढवळली की तो वर येतो. फ्लोटेशनमागचं तत्त्व एवढंच. अडतं ते आपल्या काळ्या चिकणमातीपाशी.

१. माती सावलीत सुकू द्या. खणून काढलेले ओले गोळे थेट पाण्यात टाकले तर ते फुटत नाहीत आणि दाणे आतच अडकून राहतात.

२. चिकण जास्त असेल तर बादलीभर पाण्यात दोन-तीन मुठी खाण्याचा सोडा विरघळवून माती त्यात भिजत घाला. गोळे हाताने चुरू नका, ते आपोआप सुटतील.

३. मोठ्या बादलीत थोडी थोडी माती घ्या, पाणी भरा, हाताने तळापासून हलकं ढवळा आणि काही सेकंद थांबा. वर आलेलं काळं पाणी ०.२५ ते ०.३ मिलिमीटर जाळीच्या चाळणीवर किंवा कापडावर ओता. काळं येणं पूर्ण थांबेपर्यंत हेच करत राहा.

४. तळाचा गाळ १ मिलिमीटरच्या जाळीवर धुवा आणि तोही सुकवा.

चौथी पायरी टाळली जाते, आणि कडधान्यं तिथेच हरवतात. मसूर, वाटाणा यांचे घट्ट जळलेले दाणे कधी कधी बुडतात. शिवाय आपल्या मातीत चुनखडी भरपूर. दाण्यावर चुन्याचा पातळ थर बसला की तो दगडासारखा तळाला जातो. गाळ न तपासता ‘कडधान्यं कमी’ असा निष्कर्ष काढलेला असेल, तर तो पद्धतीचा निष्कर्ष आहे, वसाहतीचा नव्हे.

तरंगून आलेला भाग कापडात सैल बांधून सावलीत टांगा. भर उन्हात ठेवलात तर दाण्याला तडे जातात आणि पुढे तुम्ही तुकडे मोजत बसता.

> सावधान: एका नमुन्यानंतर चाळणी, कापड आणि बादली झटकून भागत नाही, घासून धुवावी लागते. नाचणीएवढा दाणा कापडाच्या विणीत सहज अडकतो आणि पुढच्या नमुन्यात निघतो. मग दोन थरांत एकच पीक ‘सलग’ दिसू लागतं.

> तपासा: खसखशीचे १०० दाणे तव्यावर जाळून काळे करा आणि एखाद्या नमुन्यात मोजून मिसळा. शेवटी किती परत मिळाले ते पाहा. ९० आले तर काम ठीक चाललं आहे. ५० आले तर बारीक बिया पाण्याबरोबर जात आहेत, आधी हात सुधारा. बहुतेक वेळा कसर राहते ती ढवळण्यात आणि ओतण्यात.

टप्पा ३: जुनं आणि नवं वेगळं करणं

ओळख पटवण्याच्या आधीचा हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो.

माठ, चाकवत, घोळ यांच्या बिया जन्मतःच काळ्या आणि चकचकीत असतात. भिंगाखाली त्या अगदी जळलेल्या वाटतात, आणि अशा शेकडो बिया ‘प्राचीन पालेभाज्या’ म्हणून मोजल्या जाण्याचा धोका असतो. उपाय साधा आहे. एक बी काचेवर ठेवा, सुईच्या टोकाने दाबून फोडा. कवच फुटून आत पांढरट पिठूळ गर दिसला तर बी आजची. आतपर्यंत काळी, ठिसूळ आणि भोकाभोकांची निघाली तर जळलेली. आत पोकळ निघाली तर काहीच ठरवू नका, ‘अनिश्चित’ म्हणून वेगळ्या कुपीत टाका. प्रत्येक नमुन्यातून अशा प्रत्येक प्रकारच्या काही बिया फोडाव्याच लागतात.

जळलेली आहे म्हणून बी जुनीच, हेही खरं नाही. काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. वर शेतकरी धसकटं जाळतो, राखेबरोबर जळकी ज्वारी भेगेत पडते, पहिल्या पावसात भेग मिटते आणि तो दाणा तीन हजार वर्षांपूर्वीच्या थरात जाऊन बसतो. मुंग्या आणि घुशी हेच काम बारमाही करतात. म्हणून तक्त्यातला तो ‘भेगा, बिळं’चा रकाना आता काढून वाचा.

मका, भुईमूग, मिरची, तंबाखू ही पिकं अमेरिकेतून आलेली. जोर्वे काळाच्या (इसवी सन पूर्व सुमारे १४०० ते ७००) थरात मक्याचा तुकडा निघाला तर त्याला फेकू नका, त्याची ठळक नोंद करा. या थरात वरून भेसळ झाली आहे याचा तो साक्षीदार आहे, आणि शेजारच्या संशयास्पद ज्वारी-बाजरीकडेही मग त्याच नजरेने पाहावं लागतं.

> तपासा: प्रत्येक नमुन्यापुढे ताज्या बिया, मुळं, किड्यांचे अवशेष आणि बारीक गोगलगायी किती, हे ‘कमी, मध्यम, खूप’ अशा शब्दांत लिहिलं आहे का?

टप्पा ४: चाळणं, निवडणं, मोजणं

सुकलेला भाग २, १, ०.५ आणि ०.३ मिलिमीटरच्या चाळण्यांतून काढा आणि प्रत्येक वाटा वेगळा निवडा. दहा ते चाळीस पट मोठं दाखवणारा स्टीरिओ सूक्ष्मदर्शक पुरतो. चिमट्यापेक्षा ओलसर कुंचला बरा, दाणा चिरडत नाही.

नमुना फार मोठा असेल तर त्याचे समान भाग करून एक भाग निवडावा लागतो. त्यासाठी विभाजक पेटी वापरा, नाहीतर ढीग सपाट करून चौथाई करा. वरवरचा चमचाभर घेऊ नका. हलवलेल्या डब्यात मोठे दाणे वर आणि बारीक तळाला जातात, आणि वरच्या चमच्यात तणाच्या बिया येतच नाहीत.

मोजण्याचा नियम पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवा. तृणधान्याचा तुकडा अंकुराकडचा असेल तरच ‘एक’ मोजायचा. कडधान्याच्या दोन डाळिंब्या (दाण्याचे दोन अर्धे भाग) म्हणजे एक दाणा. हा नियम मध्येच बदलला तर आधीचे सगळे नमुने पुन्हा मोजावे लागतात.

टप्पा ५: नाव देणं

छायाचित्रावरून ओळखू नका. आपला तुलनासंग्रह हवाच, आणि तो आठवडी बाजारातून व बांधावरून जमतो: गावरान जव, खपली, राळा, हरीक, हुलगा, मटकी, लाख, जवस, तीळ, शिवाय शेतातली तणं. नुसते दाणे आणू नका. कणसं, तूस, शेंगांची टरफलंही आणा. तणांची शास्त्रीय नावं खात्रीने लावून घ्यायला पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा आणि आघारकर संशोधन संस्थेचा वनस्पतिसंग्रह आहे.

संग्रहातले अर्धे दाणे जाळा. अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, वाळूत पुरून, सुमारे २५० अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवा. हवा कमी मिळाली की दाण्याचा कोळसा होतो, हवा मिळाली तर राख. जळताना तृणधान्याचा दाणा आखूड आणि जाड होतो, म्हणून जुन्या जळक्या दाण्याची लांबी-रुंदी आजच्या कच्च्या दाण्याशी ताडून पाहणं व्यर्थ आहे. जवस-तिळासारख्या तेलबिया फुगून फुटतात. त्या कमी सापडतात त्याचं हे एक मोठं कारण.

जव. दाण्याला कोन आणि तुसाच्या रेघा दिसत असतील तर तो तुसाचा जव. गोलसर, आडव्या बारीक सुरकुत्यांचा असेल तर उघडा. सहा-ओळी जवात प्रत्येक पेऱ्यावर तीन दाणे धरतात: मधला सरळ, बाजूचे दोन किंचित पिळलेले. भरपूर दाणे असतील तर पिळलेले आणि सरळ यांचं प्रमाण मोजा. ते २:१ च्या जवळ आलं तर सहा-ओळी म्हणता येतं. पाच दाण्यांवरून म्हणता येत नाही.

गहू. नुसत्या दाण्यावरून साधा गहू आणि बन्सीसारखा कठीण गहू यांत फरक करण्याचा मोह आवरा. तो कणसाच्या दांड्याच्या तुकड्यांवरून ठरतो. खपलीचा दाणा पाठीवर उंच आणि पोटाकडे सपाट असतो, पण खपलीचा पक्का पुरावा म्हणजे तिच्या तुसाचे जाड बुडखे. हे बुडखे १ मिलिमीटरच्या आसपासचे असतात, म्हणजे टप्पा २ मध्ये जाळी मोठी वापरली असेल तर खपली तिथेच वाहून गेली.

मूग आणि उडीद. जळल्यावर साल निघून जाते आणि सालीबरोबर नाभीही (बी शेंगेला जोडलेली असते तिथला डाग), म्हणजे ओळखण्याची सोपी खूण जाते. उरते नुसती डाळिंबी. ती उलटी करा, आतली सपाट बाजू वर घ्या आणि प्रकाश तिरका पाडा. एका टोकाला कोंबाच्या कोवळ्या पानांचा ठसा दिसेल. मुगात तो डाळिंबीच्या लांबीच्या दोन-तृतीयांशापलीकडे जातो, उडदात साधारण निम्म्यापर्यंत थांबतो. ठसाच नसेल तर ‘मूग किंवा उडीद’ असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

भरड धान्यं. सगळ्यात जास्त घोटाळे इथे आहेत. राळ्यासारख्या गवतांचा सोललेला, फुगलेला दाणा नाचणीसारखा गोल दिसतो. दक्षिण भारतातल्या जुन्या उत्खननांमधल्या नाचणीच्या अनेक नोंदी पुढे याच कारणाने शंकास्पद ठरल्या. अंकुराची खाच पाहा. राळ्यात ती दाण्याच्या निम्म्याहून बरीच लांब जाते, वरईत आखूड राहते. नाचणीच्या सालीवर बारीक पुटकुळ्या असतात. साल नाही आणि खाच झिजलेली, तर ‘बारीक भरड धान्य’ एवढ्यावर थांबा.

भात. दाण्यापेक्षा साळीच्या देठाकडचं बूड बोलकं असतं. रानटी भाताचा दाणा पिकल्यावर आपोआप गळतो, तिथली खूण गुळगुळीत. लागवडीचा भात झोडपून वेगळा करावा लागतो, तिथली खूण ओबडधोबड, फाटलेली.

कोळशावरून लाकूड ओळखणं हे स्वतंत्र काम आहे. तुकडा तीन दिशांनी मोडून तीन छेद पाहावे लागतात. मडक्यात व विटांत उमटलेले तुसाचे ठसे, वनस्पतींच्या पेशींतले सिलिकाचे कण यांसाठीही वेगळी माती राखून ठेवा, पण पहिल्या फेरीत त्यात अडकू नका.

> तपासा: प्रत्येक नावापुढे खात्रीची पायरी आहे का? ‘जव’, ‘बहुधा जव’, ‘गहू किंवा जव’, ‘तृणधान्य’ या चार वेगळ्या नोंदी आहेत. ‘बहुधा’ बेरजेत मिसळून अंतिम तक्त्यात नाहीसा होत असेल तर तक्ता चुकला.

टप्पा ६: दाणा जळला कसा?

यादी तयार झाली की अहवाल लिहायला बसू नका. प्रत्येक नमुना वेगळा घ्या आणि हे चार मार्ग त्याला लावून पाहा.

*खळ्यापासून चुलीपर्यंतचा कचरा.* मळणी, उफणणी, मोठी चाळण, बारीक चाळण, निवडणं, कांडणं हा क्रम आपल्याकडे अजून माहीत आहे, आणि प्रत्येक पायरीला वेगळा कचरा निघतो. उफणताना हलका भुसा आणि हलक्या बिया उडतात. बारीक चाळणीखाली लहान तणबिया व किडकेबारके दाणे पडतात. दाण्याएवढ्या मोठ्या तणबिया मात्र शेवटपर्यंत धान्यात राहतात आणि हातानेच वेचाव्या लागतात. म्हणजे नमुन्यात लहान तणबिया पुष्कळ आणि दाणे थोडे असतील, तर ते चाळणीखालचं चुलीत गेलं असण्याची शक्यता मोठी. टपोरे दाणे आणि त्यांच्याच मापाच्या मोजक्या तणबिया असतील, तर ते साफ केलेलं, साठवणीचं धान्य. खपलीसारखी तुसाची धान्यं तुसासकट साठवून लागतील तशी कांडतात, म्हणून तिचे बुडखे घरोघरच्या चुलीत येत राहतात. ते सापडले म्हणजे खळं तिथेच होतं असं नाही.

*गोवऱ्या.* दख्खनमध्ये हा मार्ग विसरून चालतच नाही. शेणात भुसा असतो, जनावराने खाल्लेल्या गवताच्या टणक बिया असतात. गोवरी जळली की त्या चुलीत उरतात. चुलीत लाकडाचा कोळसा नगण्य, पण गवताच्या आणि तणांच्या बिया भरपूर असतील तर आधी गोवरीचा विचार करा. जळक्या शेणाचे तुकडे शोधा. राखेचा नमुना ध्रुवित प्रकाशात पाहता आला तर शेणातले चुन्याचे बारीक गोल कणही दिसतात. लव्हाळ्याच्या बिया दिसल्या की ‘पाणथळ शेती’ लिहिलं जातं. बैल नदीकाठी चरत होता, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

*पेव.* पेवात सापडलं म्हणजे पेवात साठवलं, ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात महाग चूक. निरुपयोगी झालेलं पेव लोक कचऱ्याने भरतात. राख, हाडं, खापऱ्या आणि चार जातींचे दाणे एकत्र असतील, तर तो उकिरडा आहे. साठवणीचा पुरावा तळाशी आणि भिंतीला चिकटलेल्या पातळ थरात असतो: एकाच जातीचे, साफ, दाटीने जळलेले दाणे, आणि कधी खाली अंथरलेल्या काडाची पांढरट राख. म्हणून पेवाचा तळ, भिंत आणि वरचा भराव यांचे तीन वेगळे नमुने हवेत. एकत्र केलेल्या नमुन्यातून हे वेगळं काढण्याचा उपाय नंतर कोणाकडेही नाही.

*आग.* घर जळालं तर त्या दिवशी घरात जे होतं ते सगळं एकदम गोठतं. असा थर दुर्मीळ आणि मोलाचा, पण तो एका दिवसाचा असतो, वर्षाचा नव्हे.

> सावधान: पर्याय संपवल्याशिवाय ‘विधी’, ‘नैवेद्य’, ‘मेजवानी’ हे शब्द वापरू नका.

टप्पा ७: आकड्यांशी वागणं

समजा ४० नमुने आहेत. एकूण १,००० जव आणि ७२ हुलगे मिळाले. ‘जव ९३ टक्के, म्हणून मुख्य पीक जव’ असं लिहायचा मोह होईल. आता नमुनेवार पाहा. १,००० पैकी ९०० जव एकाच जळक्या कोठीतून आलेले आहेत, आणि जव असलेले नमुने एकूण १०. हुलगा २४ नमुन्यांत आहे, प्रत्येकात तीन-तीन. म्हणजे जव २५ टक्के नमुन्यांत, हुलगा ६० टक्के नमुन्यांत. रोजच्या वावरात कोण जास्त होता, हे ९३ टक्के सांगत नाहीत.

म्हणून तीन आकडे शेजारी शेजारी द्या: एकूण संख्या, किती टक्के नमुन्यांत सापडलं, आणि लिटरमागे किती. २० लिटरमध्ये ६० अवशेष म्हणजे लिटरला ३. लिटरला एखादाच असेल तर ती वर्षानुवर्षं पसरलेली सरमिसळ. लिटरला शेकडो असतील तर एकच घटना. विरळ नमुन्यांतून घटना सांगायची नाही आणि दाट नमुन्यातून सवय सांगायची नाही.

जव आणि हुलगा यांची आपसातली तुलनाही जपून. जव भाजताना, कांडताना आगीजवळ येतो. भिजवून शिजवलेलं कडधान्य आगीत पडण्याची संधी कमी. तुलना करायचीच तर त्याच पिकाची दोन थरांत करा, आणि तीही सारख्या प्रकारच्या रचनांत.

टप्पा ८: काळ तपासणं

अर्थ लावण्याआधी निदान निर्णायक दाण्यांचं वय थेट काढून घ्या. आजच्या एएमएस पद्धतीला (त्वरक यंत्राने कार्बनवरून वय काढण्याच्या) गव्हाचा एक दाणा पुरतो, आणि ही सोय दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहे. लाकडाच्या कोळशापेक्षा दाणा केव्हाही बरा. तुळई शंभर वर्षांच्या झाडाच्या गाभ्यातली असू शकते, दाणा एका हंगामाचा असतो.

कोणता दाणा पाठवायचा? ज्याच्यावर तुमचा मोठा दावा उभा आहे तो. ज्वारी, बाजरी, नाचणी ही मूळची आफ्रिकेतली पिकं आहेत. ती इसवी सन पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या थरात सापडली असं म्हणायचं असेल, तर थराचं वय दाण्याला उसनं देऊन भागणार नाही, दाण्याचंच वय हवं. चाचणीत दाणा नष्ट होतो, म्हणून आधी चारही बाजूंनी छायाचित्रं आणि मापं घ्या. गोंद, कापूस, कीटकनाशक त्याला लागू देऊ नका.

उत्तर जोर्वे काळासाठी, म्हणजे जोर्वेच्या शेवटच्या टप्प्यासाठी, एक अडचण ध्यानात ठेवा. इसवी सन पूर्व सुमारे ८०० ते ४०० या पट्ट्यात कार्बनच्या वयाचं कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर करताना वक्र सपाट होतो आणि उत्तर काही शतकांइतकं रुंद येतं. एका दाण्याच्या वयावरून ‘वसाहत इसवी सन पूर्व ७०० ला उठली’ असं ठरवता येत नाही. थरांच्या क्रमाने अनेक वयं लागतात.

टप्पा ९: आता वाक्य लिहा, पण किती ताणायचं ते पाहून

इनामगाव घ्या. घोड नदीकाठच्या या वसाहतीचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलं. माळवा (इसवी सन पूर्व सुमारे १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००) असे तीन कालखंड तिथे आहेत. पूर्व जोर्वे काळात पाच खोल्यांचं मोठं घर, त्याच्या शेजारी धान्यकोठार, पाण्याचा पाट आणि बांध मिळाले. उत्तर जोर्वे काळात गोल झोपड्या दिसू लागतात. उत्खननकर्त्यांनी हा ऱ्हास वाढत्या कोरडेपणाशी जोडला.

असा आकर्षक आराखडा हाताशी असला की दाणे आपोआप त्यात बसवले जातात. वरच्या थरात गहू कमी दिसला की ‘दुष्काळ’ लिहिलं जातं. थांबा आणि विचारा: दोन्ही काळांतले नमुने सारख्या जागांतले आहेत का? कोठाराची झोपडीतल्या चुलीशी तुलना केली तर फरक दिसणारच, आणि त्याचा पावसाशी काही संबंध नसेल.

तसंच गहू दिसला म्हणजे पाटपाणी होतं, हे समीकरण आपल्याच शेतकऱ्याला पटणार नाही. काळ्या जमिनीतल्या ओलीवर जिराईत गहू आणि जव येतात. पाट उत्खननात मिळाला असेल तर तो पाटाचा पुरावा. तो गव्हापर्यंत पोचत होता हे वेगळं दाखवावं लागेल, उदाहरणार्थ ओलीची शेती सांगणाऱ्या तणबिया त्याच साफ धान्यात सातत्याने आल्या तर.

हंगामाचंही तेच. गहू, जव, मसूर, लाख, जवस रब्बीचे. मूग, उडीद, भरड धान्यं खरिपाची, ही विभागणी ढोबळमानाने चालते. हुलगा मात्र देशावर खरिपात पेरतात आणि कोकणात भातानंतर थंडीत. त्याला एका रकान्यात कोंबून ‘दुबार पीक’ सिद्ध करू नका. एकाच थरात दोन हंगामांची पिकं सापडणं म्हणजे एकाच शेतात दोन पिकं घेणं नव्हे. दोन शेतं असू शकतात, आणि थर पन्नास वर्षांचा असू शकतो.

जे सापडलं नाही त्याबद्दल बोलताना हात आखडता घ्या. कंद, पालेभाज्या, मोहाची फुलं, दूध, मध यांचा जळका दाणा होत नाही. बोराची आठळी टणक, ती टिकते. म्हणून बोरं दिसतात आणि इतर बरीच फळं दिसत नाहीत.

टप्पा १०: नोंद आणि साठवण

अहवालात नमुनेवार पूर्ण तक्ता द्या, एकत्रित बेरीज नाही. मातीचं माप, जाळीचं माप, मोजण्याचा नियम आणि खसखशीच्या चाचणीचा निकाल तक्त्याच्या डोक्यावर छापा. शंकास्पद ओळखींची मोजपट्टीसह छायाचित्रं जोडा, खात्रीच्या ओळखींची एखाददुसरी पुरते.

दाणे काचेच्या कुप्यांत, कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांत ते एकमेकांवर घासून भुगा होतात. निवडून झालेला उरलेला भाग, तळाचा गाळ आणि ‘अनिश्चित’ची कुपीही त्याच पेटीत, त्याच क्रमांकाखाली ठेवा. नाचणीसारख्या जुन्या नोंदी पुन्हा नीट तपासायच्या, तर दाणे जपून ठेवलेले असावे लागतात.